प्रायश्चित्त कोणी करायचे?

पुणे शहराच्या सामाजिक इतिहासात ‘प्रायश्चित्त’ या शब्दाने जेवढा धुरळा उडवला, तेवढा दुसऱ्या एखाद्या शब्दाने क्वचितच उडवला असेल. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनमध्ये शहरातील काही प्रतिष्ठित गृहस्थ जमले. मिशनच्या मंडळींनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. कोणी तो घेतला, कोणी पेला नुसता हाती धरून बाजूला ठेवला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि मोठे ग्रामण्य उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारखे लोकही त्यातून सुटले नाहीत. चहाच्या पेल्याने दोष लागतो काय, लागत असल्यास प्रायश्चित्त कोणते, आणि ते घेणे म्हणजे शरणागती काय, या प्रश्नांवर पुणेकर कितीतरी दिवस हिरिरीने भांडले.

या प्रकरणातील एक गंमत मात्र फारशी कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. ज्या आवारात हा चहा झाला, त्याच आवारात १८८५ साली बांधलेले पवित्र नाम देवालय उभे आहे, आणि त्या देवालयातही दर रविवारी ‘प्रायश्चित्त’ हाच शब्द उच्चारला जात होता, आजही जातो. अर्थ मात्र नेमका उलटा! बाहेरच्या पुण्यात प्रायश्चित्त म्हणजे दोषी माणसाने स्वतः करावयाचे कृत्य. मराठी बायबलात प्रायश्चित्त म्हणजे दोषी माणसासाठी ख्रिस्ताने केलेले कृत्य. एका भिंतीच्या दोन बाजूंना एकच शब्द आणि त्याचे दोन कर्ते.

ख्रिस्ती धर्माच्या निरनिराळ्या परंपरांमध्ये तारणाविषयी जे मतभेद आहेत, ते समजून घ्यायला हा शब्द फार उपयोगी पडतो, असे मला वाटते. प्रायश्चित्त कोणी करायचे? ते कोणी करून ठेवले असेल, तर आपण काय करायचे? आणि आपल्याला काहीच करायचे नसेल, तर चांगले वागण्याचे कारण काय? कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स या परंपरांनी या प्रश्नांची जी वेगवेगळी उत्तरे दिली, त्यांतून युरोपात युद्धे झाली, राज्ये फुटली. आपल्याकडे युद्धे झाली नाहीत. पण एकेका घरात या उत्तरांचा पीळ अजून जाणवतो.

‘सगळे ख्रिस्ती एकच’, असे बाहेरच्या माणसाला वाटते. वास्तविक पुण्यात एक दुपार फिरले तरी हा समज दूर व्हावा. नाना पेठेतले सिटी चर्च हे सवाई माधवरावांच्या कारकिर्दीतले, १७९२ सालचे. पेशव्यांच्या फौजेतील कॅथलिक शिपाई-अंमलदारांसाठी ते उभे राहिले. लष्करातले सेंट मेरीज चर्च १८२५ चे, इंग्रजी राज्याच्या अँग्लिकन परंपरेतले. पंचहौदचे देवालयही अँग्लिकनच, पण उच्च संस्कारवादी वळणाचे. शिवाय मेथडिस्ट आहेत, स्कॉटिश मिशनचा वारसा सांगणारे आहेत, केरळातून आलेले सुरियानी ऑर्थोडॉक्स आहेत, आणि बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन्ही विधी बाजूला ठेवणारी मुक्तिफौजही आहे. या सर्वांच्या भिंतींवर क्रूस दिसतो. त्या क्रूसावर नेमके काय घडले, याबद्दल मात्र प्रत्येकाचे बोलणे थोडेथोडे निराळे आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा करणे बरे. ‘मोक्ष’ या शब्दाला जन्ममरणाचा फेरा चिकटलेला आहे. ख्रिस्ती विचारात फेरा नाही. जन्म एकदा, मृत्यू एकदा. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त स्वर्गासाठी खुशाल ‘वैकुंठ’ हा शब्द वापरला. पुढच्या काळातील प्रोटेस्टंट मिशनऱ्यांना अशा शब्दांची धास्ती वाटली, आणि मराठी बायबलात ‘तारण’ हा शब्द रूढ झाला. बँकेच्या दारावर ‘सोने तारण कर्ज’ अशी पाटी वाचणाऱ्याला हा शब्द सावकारीतला वाटेल. परंतु तारणे म्हणजे बुडणाऱ्याला तीरावर नेणे, हा त्याचा अर्थ संतांनी आपल्या अंगी मुरवलेला आहे. बायबलात त्याच्या शेजारी ‘खंडणी’ हाही शब्द येतो. ख्रिस्ताने आपला जीव अनेकांसाठी खंडणी म्हणून दिला, असे तेथे म्हटले आहे. शिवाजीमहाराजांच्या इतिहासावर वाढलेल्या मराठी मुलाला खंडणी म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही! बुडणारा, कैदी, कर्जदार, आरोपी, रोगी अशा माणसाच्या कितीतरी अवस्था या शब्दांतून डोकावतात. माझ्या मते चर्चमधील भेदाचे मूळ येथेच आहे. माणसाला झालेय काय, याचे निदान जसे, तसा त्यावरचा उपाय.

मतभेद सांगण्यापूर्वी एकमत कोठे आहे ते सांगणे न्याय्य होईल. माणूस केवळ स्वतःच्या बळावर तरू शकतो, असे पेलागियस नावाच्या साधूच्या नावावर असलेले मत कार्थेजच्या सभेने ४१८ सालीच त्याज्य ठरवले. ‘कॅथलिक लोक पुण्यकर्मांनी स्वर्ग विकत घेतात’, असे प्रोटेस्टंट घरांत सर्रास बोलले जाते. ते बरोबर नाही. मार्टिन ल्यूथरला उत्तर देण्यासाठी भरलेल्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये जो निर्णय केला, त्याचे पहिलेच कलम असे आहे की, ख्रिस्ताच्या कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरतो असे म्हणणारा चर्चच्या बाहेरचा समजावा. म्हणजे आरंभ कृपेने होतो, हे दोघांनाही मान्य आहे. वाद आहे तो पुढच्या पावलाचा.

हे पुढचे पाऊल समजण्यासाठी तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेला एक दृष्टान्त घेतो. दक्षिणेकडील श्रीवैष्णवांमध्ये शरणागतीवरून दोन पंथ झाले. एकाने मर्कटन्याय सांगितला: माकडीण उडी मारते खरी, पण पिल्लाने तिच्या पोटाला घट्ट धरून राहावे लागते. दुसऱ्याने मार्जारन्याय सांगितला: मांजर पिल्लाला तोंडात धरून नेते, पिल्लाने काहीच करायचे नसते. कॅथलिक विचार पहिल्याच्या जवळ जातो आणि ल्यूथर-कॅल्व्हिन यांचा दुसऱ्याच्या. दृष्टान्त तंतोतंत लागू पडत नाही, हे मान्य; कारण पिल्लाच्या हातात धरण्याचे बळसुद्धा देवच घालतो, असे कॅथलिक म्हणतात. पण भेदाची दिशा त्यावरून कळते.

कॅथलिक परंपरेत तारण हा प्रवास आहे. बाप्तिस्म्याने त्याची सुरुवात होते. मग ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन आदी सात संस्कारांमधून देवाची कृपा माणसात मुरत जाते, आणि त्या कृपेने माणूस खरोखरच बदलतो. मराठीत सांगायचे तर देव त्याला नीतिमान ‘करतो’. गंभीर पाप केले तर हा ठेवा गमावतो, पापनिवेदनाने पुन्हा मिळतो. धर्मगुरू पापनिवेदनानंतर जे प्रायश्चित्त सांगतात ते या अर्थाने. ख्रिस्ताने केलेल्या प्रायश्चित्ताशी त्याची स्पर्धा नाही. बऱ्या होत चाललेल्या माणसाने करावयाचा तो व्यायाम आहे. मृत्यूच्या वेळी हा प्रवास अपुरा राहिला असेल, तर शुद्धीकरणाची एक अवस्था आहे, आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेचा मृताला उपयोग होतो.

ल्यूथरला यातील शेवटच्या भागाचा बाजार झालेला दिसला. दंडमाफीची पत्रे पैसे घेऊन वाटली जात होती. १५१७ साली त्याने त्याविरुद्ध ९५ मुद्दे मांडले, आणि वाद मुळाशी गेला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, देव माणसाला प्रथम नीतिमान ‘ठरवतो’. न्यायाधीशाने आरोपीला सोडून द्यावे, तसा हा निर्णय आहे. आणि तो आरोपीच्या चारित्र्याकडे पाहून दिलेला नाही, तर त्याच्यासाठी ख्रिस्ताने जे केले त्याकडे पाहून दिलेला आहे. माणसाने फक्त विश्वास ठेवायचा. सत्कृत्ये येतात, पण फळासारखी मागून येतात. झाड जगण्याची ती अट नव्हे. ‘करणे’ आणि ‘ठरवणे’ या दोन क्रियापदांतले हे अंतर आपल्याला किरकोळ वाटेल. परंतु आपण पुरेसे चांगले आहोत काय, या प्रश्नाने रात्ररात्र जागणाऱ्या माणसाला विचारून पाहा. ‘ठरवले गेले आहे’, हे ऐकताच त्याला झोप लागेल.

लूकच्या शुभवर्तमानातील जक्कयाची गोष्ट या भेदाची उत्तम परीक्षा आहे. हा जकातदारांचा मुख्य, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी उतरतो. जक्कय उभा राहून सांगतो की आपली निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करतो. त्यानंतर येशू म्हणतो की आज या घरात तारण आले. आता हे तारण आले केव्हा? प्रोटेस्टंट पाळक सांगतील: येशूने त्याला हाक मारून त्याच्या घरी पाऊल ठेवले तेव्हाच, चौपट परतफेड हा त्याचा परिणाम. कॅथलिक धर्मगुरू म्हणतील: हाक आली ती कृपा, पण त्याने हात सैल केला तेव्हा ती पूर्णत्वास गेली. गोष्ट एक, वाक्ये तीच, आणि दोघांचेही वाचन प्रामाणिक.

प्रोटेस्टंटांचे तरी आपसांत कोठे जमते? कॅल्व्हिनच्या अनुयायांनी १६१८-१९ साली हॉलंडमधील डॉर्टच्या सभेत असे ठरवले की, कोण तरणार हे देवाने सृष्टीच्या आधीच निवडून ठेवले आहे आणि निवडलेला माणूस कायमचा गळत नाही. पुण्यात आणि मुंबईत काम करणारे स्कॉटिश मिशनरी याच परंपरेतून आले. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने याला विरोध केला. कृपा सर्वांसाठी खुली आहे, माणूस ती नाकारू शकतो आणि मिळाल्यावर गमावूही शकतो, असे तो सांगे. मेथडिस्ट त्याचे वारस. त्यांच्यातूनच निघालेल्या विल्यम बूथच्या मुक्तिफौजेने १८८२ साली मुंबईत पाऊल टाकले. संस्कारांवाचून तारण होते असे ती मानते, आणि उपाशी माणसाला आधी सूप, मग साबण आणि मग तारण अशी तिच्या कामाची रीत सांगतात. बालकांना बाप्तिस्मा द्यावा की जाणत्या वयात विश्वास कबूल केल्यावरच द्यावा, हाही तारणाचाच वाद. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा परंपरा एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, तेव्हा त्यांनी या वादावर निकाल न देता दोन्ही रीती मान्य केल्या. काहींना ती तडजोड वाटली. मला तो शहाणपणा वाटतो.

आतापर्यंत जे सांगितले त्यात न्यायालय आहे, निकाल आहे, दंड आणि माफी आहे. पूर्वेकडील परंपरा ही सारी भाषाच फारशी वापरत नाही. तिच्या दृष्टीने माणूस हा प्रथम आरोपी नसून रोगी आहे, आणि त्याचा रोग मृत्यू हा आहे. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अथानासियसने असे मांडले की, देव माणूस झाला तो माणसाला देवाच्या जीवनात वाटा मिळावा म्हणून. येथे आपल्याकडच्या वाचकाला चटकन अद्वैत आठवेल. पण निर्माता आणि निर्मित यांतील भेद ही परंपरा कधी पुसत नाही. लोखंड अग्नीत तापून लाल होते, अग्नीचे गुण घेते, तरी लोखंडच राहते, असा दृष्टान्त ते देतात. त्यांच्या पुनरुत्थानाच्या चित्रात ख्रिस्त मृतलोकाचे दरवाजे पायाखाली तुडवून आदाम आणि हव्वा यांना मनगटाला धरून वर ओढताना दिसतो. त्यात न्यायाधीश कोठेही नाही. पिंपरी-खडकीकडे राहणारा मल्याळी ऑर्थोडॉक्स शेजारी तुम्हांला हे अशा शब्दांत सांगेलच असे नाही. परंतु त्याच्या उपासनेत, उपवासांत आणि धूपाच्या वासात हीच समजूत भरून राहिलेली असते.

हे सारे ग्रंथांपुरते असते तर मी हा लेख लिहिला नसता. माझ्या वडिलांचे घराणे नगर जिल्ह्यातले, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत वाढलेले. आईचे माहेर कॅथलिक. दरवर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आजोळची माणसे कबरस्तानात जातात, कबरी धुतात, मेणबत्त्या लावतात आणि गेलेल्यांसाठी प्रार्थना करतात. वडिलांकडची माणसे कबरीवर फुले ठेवतात. मृतासाठी प्रार्थना मात्र करीत नाहीत. वडिलांची आई वारली, तेव्हा महिन्याच्या दिवशी आई म्हणाली, “अहो, सासूबाईंच्या नावाने एक मिस्सा म्हणवून घेऊ या का?” वडील थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ती प्रभूजवळ पोहोचली आहे. तिच्यासाठी आता मागायचे काय?” आईला वाटले, यांना आपल्या आईसाठी दोन शब्दही जड होतात. वडिलांना वाटले, हिला माझ्या आईच्या तारणाबद्दल शंका आहे. दोघांचेही आजीवर प्रेम होते, आणि दोघांचेही दुःख आपापल्या परंपरेच्या भाषेत बोलत होते. ऑर्थोडॉक्स शेजारी त्या दिवशी घरी असते तर त्यांनी तिसरेच सांगितले असते: शुद्धीकरणाच्या अवस्थेचा सिद्धान्त आम्ही मानत नाही, पण मृतांसाठी प्रार्थना मात्र करतो, कारण प्रेम मृत्यूपाशी थांबत नाही. शेवटी मिस्सा झाली. वडील आले आणि शेवटच्या बाकावर बसले.

अशा वेळी कोणाची बाजू खरी, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला. त्याचे उत्तर शोधताना मला आपल्याच मातीतली दोन माणसे फार उपयोगी पडली: नीलकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे आणि पंडिता रमाबाई.

काशीतील विद्वान चित्पावन घराण्यातले नीलकंठशास्त्री १८४८ साली ख्रिस्ती झाले, ते सुवार्तावादी मिशनरींच्या संगतीत. व्यक्तीचा अंतरीचा विश्वास हेच तेथे सर्वस्व. पण शास्त्रीबोवांचे मन तेवढ्यावर स्थिरावले नाही. प्राचीन चर्चची परंपरा, संस्कार आणि शिस्त यांच्याकडे ते ओढले गेले, धर्मगुरू झाले आणि पंचहौदच्या काउली फादरांच्या परिवाराशी एकरूप झाले. रमाबाईंचा प्रवास याच्या अगदी उलट दिशेने झाला. पंचहौदच्या सिस्टरांच्या इंग्लंडमधील वाँटेज येथील मूळ मठात २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. गोरे यांच्या लेखनाचा त्यांच्यावर प्रभाव होता. तरीही सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी त्रैक्यावर, चर्चच्या अधिकारावर आणि विवेकाच्या स्वातंत्र्यावर जो पत्रव्यवहार केला, तो वाचण्यासारखा आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो १९७७ साली प्रसिद्ध केला. एका पुरोहितवर्गाचे जोखड झुगारून आलेली ही बाई दुसऱ्याचे जोखड मानेवर घ्यायला तयार नव्हती. पुढे १८९१ च्या सुमारास त्यांना जो अनुभव आला, त्याविषयी त्यांनी १९०७ साली लिहिले. आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्याचा भावार्थ. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षे लोटल्यावर त्यांना तारणाची खात्री वाटली.

गोरे विश्वासाकडून संस्काराकडे गेले, रमाबाई संस्काराकडून विश्वासाकडे. दोघेही संस्कृतज्ञ, दोघेही निर्भय, दोघांनीही फार मोठी किंमत दिलेली. एकाला परंपरेच्या छायेत शांती लाभली, दुसरीला त्या छायेबाहेर. यांपैकी एक पुढे गेला आणि दुसरी मागे, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. माणसाची भूक निराळी असते. एकाकी माणसाला घर हवे असते, आणि घरात गुदमरलेल्याला मोकळी हवा. तारणाच्या सिद्धान्तांत हे दोन्ही जपून ठेवलेले आहे.

युरोपातील वादाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे जागतिक लूथरन संघ आणि कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरण्याच्या सिद्धान्तावर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. मूलभूत सत्यांवर आपले एकमत आहे, उरलेले भेद एकमेकांना बहिष्कृत करण्याइतके नाहीत, असे त्यांनी मान्य केले. मेथडिस्ट २००६ साली त्यात सामील झाले आणि रिफॉर्म्ड चर्चेस २०१७ साली. चारशे-पाचशे वर्षांचे भांडण कागदावर पुष्कळसे मिटले. चर्चबाहेरच्या माणसाबद्दलची भाषाही बदलली. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने चर्चबाहेर कोणीही तरणार नाही असे निक्षून सांगितले होते. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने म्हटले की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनोभावे देवाला शोधतात आणि विवेकाप्रमाणे वागतात, तेही तारण पावू शकतात. अर्थात सर्वच प्रोटेस्टंट मंडळ्यांना हे पटत नाही.

आता माझे मत. हे सर्व भेद खोटे आहेत, ‘सगळे एकच सांगतात’, असे म्हणून ते गुंडाळून ठेवणे मला पटत नाही. तो आळस आहे. ज्याला अपराधाची टोचणी आहे त्याला निकाल हवा. जो मोडला आहे त्याला औषध हवे. जो जखडला आहे त्याला सुटका हवी. प्रत्येक परंपरेने यांतील एकेक गरज ओळखून जतन केली, आणि ज्या परंपरेने फक्त आपलीच गरज खरी मानली ती कठोर झाली. त्यांच्यात निवड करणाऱ्याने जरूर निवड करावी. पण आपण न निवडलेल्या उत्तरामागे कोणाची भूक होती, ते समजून घ्यावे.

मात्र एका ठिकाणी सर्वच चर्चना एकच प्रश्न विचारावासा वाटतो. महाराष्ट्रात, विशेषतः नगर जिल्ह्यात, जे हजारो लोक ख्रिस्ती झाले ते बहुतांशी महार आणि मांग समाजांतले होते. त्यांना कोणत्या गोष्टीपासून तारण हवे होते, हे सांगायला धर्मपंडित नको. न्यायालयाचा दृष्टान्त घ्यावा तर ते आरोपी नव्हतेच, फिर्यादी होते! त्यांना शाळा मिळाल्या, दवाखाने मिळाले, मान ताठ करण्याचे बळ मिळाले, हे खरे. परंतु जात बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली गेली नाही. २०१६ साली भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्येही अस्पृश्यता पाळली जाते, असे उघडपणे मान्य केले. प्रोटेस्टंट घरांत सोयरीक जुळवताना काय काय विचारले जाते, ते आपण सर्व जाणतो. ख्रिस्ताने सर्वांसाठी प्रायश्चित्त केले, हे वाक्य अशा वेळी फार सोयीचे होते. ज्याचा अपमान झाला त्याच्याशी न बोलता अपमान करणारा परस्पर देवाकडून माफी घेऊन मोकळा होतो.

म्हणून मला प्रायश्चित्ताचे दोन भाग करावेसे वाटतात. देवापुढचा जो हिशेब आहे तो माणसाच्या हातून फिटणारा नाही. तेथे कृपेवाचून गती नाही, हे तिन्ही परंपरांप्रमाणे मलाही मान्य आहे. पण शेजाऱ्याचा हिशेब ख्रिस्ताच्या खात्यावर टाकता येणार नाही. तो जक्कयाप्रमाणे स्वतः उभे राहून, रक्कम सांगून फेडावा लागतो. जक्कयाने माफी मागितल्याचे लूक लिहीत नाही. चौपट परत देतो म्हटल्याचे लिहितो.

रमाबाईंनी हे सिद्धान्तात मांडले नाही, कृतीत मांडले. दुष्काळात सापडलेल्या विधवा, अनाथ मुली, अंध स्त्रिया यांना त्यांनी केडगावला आणले. शतकाच्या वळणावर त्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. त्यांना दळण-विणकाम, शेती आणि छापखान्याचे काम शिकवले. मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत केलेले बायबल त्या बायकांच्याच हातांनी छापले गेले. जी बाई आत्म्याच्या तारणाबद्दल सर्वांत आग्रही होती, तिनेच भाकरीची आणि अक्षरांची सोय सर्वांत मोठी केली. आणि त्या जागेला नाव दिले ‘मुक्ती’. तारण आधी की कृती आधी, या चारशे वर्षांच्या वादात केडगावच्या त्या चुलीपुढे कोणाला रस वाटला असेल, असे दिसत नाही. तेथे दोन्ही एकाच वेळी शिजत होते.

आमच्या महाविद्यालयात निरनिराळ्या धर्मांचे आणि चर्चचे विद्यार्थी एका बाकावर बसतात. कोण तरणार आणि कोण बुडणार, याची यादी देवाच्या हाती आहे. ती आपण डोकावून पाहण्याचा प्रयत्न करू नये. आपल्या हाती असलेली यादी वेगळी आहे. आपण, आपल्या वाडवडिलांनी, आपल्या मंडळीने कोणाकोणाला दाराबाहेर उभे केले, ती नावे त्या यादीत आहेत. तेवढे प्रायश्चित्त आपले आपणच करायचे आहे.